दिनकरशेठ काय खात नसत

फेब्रुवारीची सव्वीस तारीख. आज फ्रीज धुवायला काढला. भाजीच्या कप्प्याच्या तळाशी कोथिंबिरीची एक जुडी सडून तिचा काळा लगदा झाला होता, त्यात अर्धा टोमॅटो विरघळलेला आणि वर पांढरी बुरशी. नाकाला पदर लावून ते सगळं चमच्यानं खरवडताना मला दिनकरशेठ आठवले. त्यांना हे दाखवलं असतं तर ते खूश झाले असते. "सडली ना? मग ठीक आहे," म्हणाले असते. जी भाजी सडत नाही तिची त्यांना भीती वाटायची.

नारायणगावात स्टँडपासून जरा आत त्यांचं शेतीच्या औषधांचं दुकान. मी वारूळवाडीहून चालत येते आणि तिथं बिलं लिहिते. माझं लग्न झाल्यावर दोनेक वर्षांत कामाला लागले, ती अजून लिहितेच आहे. फक्त शेठ आता गल्ल्यावर बसत नाहीत.

माणूस उंच, वाळका, कडक इस्त्रीचा. दुकानात शिरलं की डोळे चुरचुरतील असा वास असायचा, पण शेठच्या अंगाला कायम साबणाचा वास. औषधाची बाटली ते कधी उघड्या हातानं धरायचे नाहीत. वर्तमानपत्राचा तुकडा घ्यायचे, त्यात बाटली धरायची, काउंटरवर ठेवायची आणि तो तुकडा बोळा करून टाकून द्यायचा. तेवढ्यात समोरच्या शेतकऱ्यानं विचारलं, "शेठ, हाताला काय व्हत न्हाई ना?" तर हसून म्हणायचे, "काही होत नाही हो. मी इतकी वर्षं ह्यातच बसलोय, मला काय झालं?" आणि उठून मागच्या नळावर हात धुवायला जायचे. हे मी रोज बघायची. बघून बघून माणसाला सगळ्याची सवय होते म्हणतात; मला झाली नाही.

त्यांची स्मरणशक्ती भयंकर होती. कुणी कधी काय नेलं हे त्यांना तोंडपाठ असायचं. दुकानापुढून भाजीची हातगाडी गेली की ते हाक मारायचे.

"फ्लॉवर कुणाचा?"

गाडीवाल्यानं नाव सांगितलं की शेठचे डोळे जरा मिटायचे, जसं काही गणित करतायत. मग हात हलवायचे. "जाऊ दे, जाऊ दे पुढं." गाडीवाला पुढं जायचा, आणि तोच फ्लॉवर आमच्या गल्लीतल्या बायका पाटीत निवडून घ्यायच्या.

चांगलं खाणं म्हणजे काय, हे त्यांनी स्वतःपुरतं असं ठरवून टाकलं होतं: ज्याला आपण औषध विकलं त्याचं खायचं नाही. आता या भागात भाजी, टोमॅटो, द्राक्ष लावणारा कोण त्यांचं गिऱ्हाईक नव्हता? त्यामुळं खायला फारसं काही उरायचंच नाही. टोमॅटो नाही, वांगं नाही, मेथी नाही, द्राक्ष तर नावच नको. दूध नाही, कारण म्हशी कुणाच्या बांधावरची वैरण खातात ते त्यांना माहीत. त्यांच्या डब्यात नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि गच्चीवरच्या कुंडीतला दुधी. तो डबा ते दुकानात उघडायचे नाहीत. बाहेरच्या पायरीवर बसून, रस्त्याची धूळ खात, पण औषधाच्या वासापासून लांब.

पहिल्यांदा मला ही नुसती टापटीप वाटली. एका वर्षी द्राक्षाचा हंगाम चांगला गेला आणि एका बागायतदारानं प्रेमानं पेटी आणून काउंटरवर ठेवली. "शेठ, तुमच्या औषधानं भुरी गेली बघा. पोटभर खावा." शेठनी दोन्ही हात जोडले, पेटीवरचा कागद उचलून वास घेतला, "वा, वा" केलं. तो माणूस दाराबाहेर पडला आणि शेठनी पेटी बोटाच्या टोकानं माझ्याकडं ढकलली.

"सुरेखाताई, घरी न्या. पोरांना आवडतील."

मी नेली. पोरांनी दोन दिवसांत संपवली. पुढच्या वर्षी दुसऱ्या बागायतदाराची पेटी आली तेव्हा मी म्हटलं, "शेठ, तुम्ही वहिनींसाठी थोडी ठेवा की." ते इतक्या सहज "छे छे!" म्हणाले, आणि असं तोंड केलं, की मला सगळं समजलं. ती पेटी मी तिथंच राहू दिली. दोन दिवसांनी त्यावर चिलटं बसायला लागली तेव्हा त्यांनी ती पोस्टमनला दिली.

आळेफाट्याच्या मंगल कार्यालयातली गोष्ट तर आमच्याकडं अजून सांगतात. किसनराव म्हणून आमचं जुनं गिऱ्हाईक, त्यांच्या पुतणीचं लग्न. पंगत बसली. पुरुषांच्या ओळीत शेठ, मी समोर बायकांच्या ओळीत. वांग्याची भाजी वाढली. शेठनी ती बोटानं पत्रावळीच्या कडेला लोटली.

शेजारच्या पाहुण्यानं विचारलं, "का वं शेठ, वांगं सोडलं व्हय? पथ्य हाय का काय?"

शेठ हळूच बोलले, पण त्यांचा हळू आवाजही दुकानातल्या गर्दीत ऐकू जायला शिकलेला. "किसनरावांच्या मळ्यातलं आहे. परवा औषध नेलं, काल तोडलं. मी नाही खाणार. तुमचं तुम्ही बघा."

ओळीतले हात थांबले. किसनराव स्वतः मठ्ठ्याची बादली घेऊन उभे होते. त्यांनी बादली खाली ठेवली.

"शेठ, मंग दिलंतच कशाला?"

"तुम्ही मागितलंत."

"तोडायला किती दिस थांबायचं, ते?"

"विचारलंत का?"

"सांगितलंत का?"

नवरीची आई पार तिकडून मान लांब करून बघायला लागली. शेवटी ओळीच्या टोकाला बसलेला एक म्हातारा ओरडला, "आरं वाढा की राव, भात गार व्हतोय! वांग्यानं मरायचं आसतं तर आमी कवाच मेलो आसतो." सगळे हसले, हात परत चालू झाले, भाजी दुसऱ्यांदा फिरली. शेठ भात-वरण खाऊन उठले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "बघितलंत? सांगूनसुद्धा खातात. घाणेरडे लोक." मी खिडकीबाहेर बघत बसले. मला जो घाणेरडा वाटत होता तो माझ्या शेजारी बसला होता.

हे सगळं त्यांच्या एकट्याच्या पोटापुरतं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण घरात शालनवहिनी होत्या. त्यांची बायको. मूळची अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली बाई. त्यांचं पिशवी काढायचं ऑपरेशन झालं आणि त्या उठेनात. टाके भरले, ताप गेला, पण अंग धरेना. ब्लाउजच्या बाह्या दंडावर लोंबायला लागल्या. स्वयंपाकघरातून ओसरीवर यायचं तर भिंतीला हात लावत यायच्या. डॉक्टरीणबाईंनी शेठना माझ्यासमोर सांगितलं, "ह्यांना सगळं खाऊ द्या. दूध, अंडी, फळं, पालेभाज्या. नुसत्या नाचणीवर माणूस उठत नसतो. असंच चाललं तर पुन्हा भरती करायला आणाल."

शेठनी मान डोलावली आणि घरी येऊन नाचणीचं आंबील करायला लावलं.

मी संध्याकाळी जाता जाता डोकावायची. वहिनी हळूच म्हणायच्या, "सुरेखा, एक टोमॅटो आणशील का गं? नुसता मीठ लावून. स्वप्नात येतोय माझ्या." मी एकदोनदा कोशिंबीर नेली. शेठना कळलंच. ते घरी गेले की आधी मोरीतली खरकटी भांडी बघायचे. वाटी उचलून नाकाशी न्यायचे. एकदा तर वहिनींना म्हणाले, "तोंड उघड." आणि त्यांच्या तोंडाचा वास घेतला. वहिनी तशाच बसल्या होत्या, डोळे मिटून, तोंड उघडं. मी चपला घातल्या आणि निघाले.

शेठचा सगळा भरवसा डोंगरातल्या तांदळावर. आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभ्याच्या पुढं, बुधाबाबा म्हणून एक म्हातारा होता. भात, नाचणी, वरई पिकवायचा. दर दिवाळीनंतर शेठ जीप करून जायचे आणि वर्षाचा तांदूळ आणायचे. "तिकडं अजून विष पोचलेलं नाही," असं ते म्हणायचे. दुकानात औषध, घरात विष. शब्द बदलायला त्यांना काही वाटायचं नाही.

त्या वर्षी मलाही थोडा तांदूळ हवा होता म्हणून मी सोबत गेले. बुधाबाबानं अंगणात घोंगडी टाकली, म्हातारीनं पाणी आणलं. पोत्याचं तोंड सोडून बाबा म्हणाला, "यंदाचा दाणा बघा शेठ. लई झाक. आन् गवताची बेनणी करावीच लागली न्हाई."

"का?" शेठनी विचारलं.

"तुमचंच उपकार की. पावसाच्या तोंडाला तुमी जीपवाल्याबरूबर पाकिटं धाडली न्हवं का, फुकट? गवताच्या औषधाची. समद्या वाडीनं मारली. चार दिसांत गवात पिवळं! बायका म्हनल्या, शेठचं भलं होवो, कंबर वाचली."

मला ती पाकिटं आठवत होती. मुदत संपत आलेला माल होता. टाकून देण्यापेक्षा तिकडं नमुना म्हणून पाठवू, गिऱ्हाईक वाढेल, हा शेठचाच विचार. डोंगरातली माणसं कुठं मारतायत, असं त्यांनी धरलं होतं. फुकट मिळालेली वस्तू आपल्याकडं कुणी पडू देतं का? दुकान चालवणाऱ्या माणसाला एवढं कळू नये?

शेठचं तोंड पांढरं पडलं. पण "नको" म्हणायची हिंमत नव्हती. पोती जीपमध्ये चढवली. डिंभ्याच्या अलीकडं त्यांनी गाडी थांबवायला लावली. स्वतः उतरले, आपल्या पोत्याचं तोंड सोडलं आणि रस्त्याच्या कडेला उलटं केलं. पांढरा स्वच्छ तांदूळ गवतात, मातीत, खडीवर पसरला. अन्न असं ओतताना मी कुणाला बघितलं नव्हतं. बिघडलेलं, विटलेलं टाकतो आपण, पण हा तांदूळ होता.

तेवढ्यात वळणावरून मेंढरं आली. पुढं एक बाई, डोक्यावर बोचकं. तिनं आधी मेंढरांना हुसकलं, मग थांबून विचारलं, "सांडलं व्हय, भाऊ? भरू का आमी?"

शेठ तिच्याकडं बघत राहिले. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. आणि ही माणसं गावोगाव फिरतात, शेठच्या औषधाचा तांदूळ शेठच खात नाही ही गोष्ट बाजारात पोचायला वेळ लागला नसता. ते म्हणाले, "भरा."

मी जीपमधून उतरले. "बाई, ह्या भाताला गवताचं औषध मारलेलं आहे. म्हणून टाकलाय."

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "समदेच मारत्यात की, ताई. वरचा वरचा घेते. चांगला धुवून शिजवीन." आणि पदर पसरून ती ओंजळीनं तांदूळ भरायला लागली. शेठ जाऊन पुढच्या सीटवर बसले. सगळ्या वाटेत एकच वाक्य बोलले: "घरी काही सांगू नका."

मी घरी जायच्या आधी त्यांच्या घरी गेले आणि वहिनींना सगळं सांगितलं. जिच्या नावानं हे चाललं होतं तिला नाही सांगायचं तर कुणाला?

वहिनी ऐकून घेत होत्या. "पोतं ओतलं?" त्यांनी दोनदा विचारलं. "आणि ती बाई भरत होती, हे बघत होते?"

"हो."

दुसऱ्या दिवशी त्या भिंतीचा, मग रिक्षाचा आधार घेत दुकानात आल्या. कंपनीचे लोक येतात त्यांच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीत बसल्या. काउंटरवर एक शेतकरी करपलेली पानं दाखवायला आला होता. त्याच्या पिशवीत चार चांगले टोमॅटोही होते.

"भाऊ," वहिनींनी विचारलं, "ह्याला कधी मारलंय?"

"आठवडा झाला की, वहिनी."

"एक देता का?"

त्यानं दिला. वहिनींनी मागच्या नळावर तो चांगला चोळून धुतला, माझ्या डब्यातलं मीठ घेतलं आणि खुर्चीत बसून चावा घेतला. रस मनगटापर्यंत ओघळला.

शेठ उभे राहिले. "शालन, थुंक."

वहिनी चावत राहिल्या.

"थुंक म्हणतो ना! लोक बघतायत."

"बघू द्या." त्यांनी गिळलं. "त्या बाईनं खाल्लेलं चालतं, आणि मी खाल्लं की थुंकायचं?"

"तुझ्या जिवासाठी करतोय मी सगळं."

"माझा जीव चाललाय भुकेनं. मी आता विचारून घेणार, धुवून घेणार, शिजवून खाणार. माझ्यापुरतं एवढंच ठरवलंय. तुम्हाला काय खायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण माझ्या तोंडाला नाक लावायचं नाही."

शेतकऱ्यानं उरलेले तीन टोमॅटोही काउंटरवर ठेवले आणि गुपचूप काढता पाय घेतला. पानं तशीच राहिली.

त्यानंतर वहिनी रोज यायला लागल्या. आधी तासभर, मग सकाळभर. समोर गिऱ्हाईक आलं की त्यांचा एकच सवाल: "तोडा कधी आहे?" उद्या-परवा म्हटलं की मला सांगायच्या, "सुरेखा, चष्मा लाव आणि बाटलीवरचं मोठ्यानं वाच." मी वाचायची. किती दिवस थांबायचं ते सगळ्यांना ऐकू जायचं. कुणी चिडून समोरच्या दुकानात जायचं. कुणी म्हणायचं, "वहिनी, शेठचा धंदा बसवायचा इरादा दिसतोय." वहिनी म्हणायच्या, "बसला तर बसू द्या, मी तरी उठलेय." आणि खरंच उठल्या. दंड भरले. आवाज परत आला, तो इतका, की पलीकडच्या गॅरेजवाल्याला ऐकू जायचा.

किसनरावही येत होते. पहिल्या दिवशी दारातच थबकले. मग म्हणाले, "वहिनी, हे पुतणीच्या लग्नाच्या आधी सांगितलं आसतं तर?" वहिनी म्हणाल्या, "तेव्हा मला कुठं कुणी बोलू देत होतं?"

शेठ मात्र खचले. वहिनींच्या हातचं त्यांना खाता येईना, कारण वहिनी सगळं शिजवायच्या आणि कुणाचं काय हे शेठना ताटाकडं बघून कळायचं. डोंगर गेला होता. गच्चीवरचा दुधी एकटा किती पुरणार? हळूहळू ते दुकानात यायचे बंद झाले. गाडी काढून कुठं कुठं जायचे. काय खातात हे कुणालाच माहीत नव्हतं.

मला ते दिसले गेल्या महिन्यात. नाशिकहून येताना आळेफाट्याला गाडी बदलायला उतरले, तर एका गॅरेजच्या सावलीत त्यांची गाडी उभी. काचा वर. मी टकटक केलं. त्यांनी काच खाली केली आणि आतून शिळ्या तेलाचा, मसाल्याचा असा भपकारा आला की मी मागं सरकले. मांडीवर, शेजारच्या सीटवर, पायाशी फाडलेली पाकिटं. शेव, वेफर, नारिंगी रंगाचे काही कुरकुरीत तुकडे, क्रीमची बिस्किटं, थंड पेयाच्या बाटल्या. शेठ चांगलेच सुटले होते. गाल ओघळलेले, शर्टाची बटणं ताणलेली, आणि त्या कडक इस्त्रीवर नारिंगी बोटांचे डाग.

"शेठ, हे काय?"

"जेवतोय."

"वहिनी डबा देत नाहीत?"

"देते ना. पालक असतो. पालक कुणाचा ते मला कळतं." त्यांनी एक पाकीट उजेडाकडं धरलं. "ह्यात काय आहे ते मला माहीत नाही, सुरेखाताई. मागं लिहिलंय, पण मी वाचत नाही. माहीत नाही म्हणून तर घशाखाली उतरतं."

त्यांनी मूठभर तोंडात टाकलं, एकेक बोट चाटलं आणि काच वर केली. आतून कुरकुर चावल्याचा आवाज येत होता. माझी गाडी लागली. मी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी भाजीबाजारात गेले. एका बाईच्या पाटीत मेथी होती, हिरवीगार. विचारलं, "मावशी, कधी मारलंय?"

ती म्हणाली, "खरं सांगू का खोटं?"

"खरं सांगा."

"परवा."

मी पुढच्या बाईकडं गेले. तिची मेथी जरा किडकी होती, पानांना भोकं. दोन जुड्या घेतल्या. घरी नेऊन निवडल्या, तीन पाण्यांनी धुतल्या, लसूण-मिरचीची फोडणी दिली आणि गरम भाकरीबरोबर खाल्ली. मीठ जरा जास्त झालं होतं.